हाससाठी कम्युनिटी कॉलेज : निबंधाच्या आधी पहिल्या सत्राचे विषय ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. मुलीला बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलमध्ये थेट प्रवेश मिळाला नाही. बर्कली ज्यात मोडते त्या यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, दुसऱ्या एका विद्यापीठात इकॉनॉमिक्सला जागा मिळाली आहे, पण तिला घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणारे स्वस्त सरकारी कॉलेज) दोन वर्षे काढून पुन्हा हाससाठी अर्ज करायचा आहे. घरात यावर दोन तट पडलेत आणि नातेवाईक म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे वर्षे वाया.

मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षे अकाउंटिंग शिकवते. ट्रान्सफर करू पाहणारी, म्हणजे दोन वर्षांनी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊ पाहणारी, मुले माझ्याच वर्गात बसलेली असतात, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. सविस्तर लिहिते.

आधी नातेवाइकांचे. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी विद्यापीठात जाण्याची वाट राज्याच्या व्यवस्थेत मुद्दाम आखून ठेवली. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्या दर दहा मुलांपैकी नऊहून जास्त मुले कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतली असतात, कारण पहिला प्राधान्यक्रम त्यांनाच आहे. म्हणजे हासचा प्रयत्न करायचाच असेल, तर दुसऱ्या यूसीत बसून करण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजातून करणे जास्त शहाणपणाचे. पदवीच्या कागदावर पहिली दोन वर्षे कुठे झाली हे छापलेले नसते. खर्चही बघा. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (कोर्सचे वजन मोजण्याचे माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. अनेक कॉलेजे पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्या मुलांना पहिली दोन वर्षे तेवढेही घेत नाहीत. यूसीत एका वर्षाची नुसती फीच १५,००० डॉलरच्या आसपास जाते.

पण वाट प्रतिष्ठेची आहे म्हणून सोपी आहे असे नाही. हास ट्रान्सफरच्या अर्जदारांतून फार थोड्यांना घेते आणि नाकारलेल्यांत उत्तम ग्रेडची मुले भरपूर असतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: हासची तयारी जरूर करा, पण पहिल्या दिवसापासून तीन-चार ठिकाणांच्या अटी एकाच वेळापत्रकात बसवा. आणि हे काम ऑगस्टच्या आधी करा.

आधी का, ते सांगते. पालकांना वाटते की हातात दोन वर्षे आहेत. प्रत्यक्षात यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर जातो. त्या वेळी तिच्या खात्यावर पहिल्या वर्षाच्या आणि फार तर मधल्या उन्हाळ्याच्या ग्रेड असतात. फॉल, म्हणजे वर्षाचे पहिले, सत्र चालू असते, त्याच्या ग्रेड जानेवारीत वेगळ्या फॉर्मवर कळवायच्या असतात. वसंत सत्रातले विषय तर नुसते 'घेणार आहे' असे लिहिलेले असतात. म्हणजे शाळा सुटल्यावर तीन महिन्यांनी बसलेल्या पहिल्याच सत्राचे वजन सगळ्यात मोठे. जे मूल म्हणते की पहिले सत्र जरा रुळण्यात घालवू, गणित पुढच्या वर्षी घेऊ, त्याची वाट डिसेंबरपर्यंत अरुंद झालेली असते, आणि ते त्याला पुढच्या नोव्हेंबरात समजते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता ऑगस्टमधल्या पहिल्याच तासाला वर्गात हे सांगते.

आता विषय. हासला सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, बिझनेसची ओळख करून देणारा पायाभूत कोर्स, इंग्रजी लेखन-वाचनाचे दोन कोर्स लागतात. परकीय भाषेची अटही आहे. ती बऱ्याच मुलांची शाळेतल्या स्पॅनिश-फ्रेंचवर भागते, पण तुमच्या मुलीने शाळेत ती किती वर्षे घेतली ते आजच तपासा. नाहीतर ऐनवेळी भाषेसाठी जागा काढताना दुसरे काहीतरी जाते.

यात अकाउंटिंग नाही, हे पाहून मुले ते सोडून देतात. तिथेच गडबड होते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत पदवीपूर्व बिझनेसची पदवीच नाही. तिथले अँडरसन स्कूल पदव्युत्तर शिक्षणाचे आहे आणि बारावीनंतरची मुले ज्याच्या मागे असतात ते बिझनेस इकॉनॉमिक्स अर्थशास्त्र विभागात आहे. त्याला अकाउंटिंग लागते. अर्व्हाइनच्या मेराज स्कूललाही लागते. म्हणजे जिने फक्त हासची यादी पुरी केली, तिचे बाकीचे दरवाजे तिने स्वतःच लावून घेतले. फायनान्शियल आणि मॅनेजरियल असे अकाउंटिंगचे दोन्ही कोर्स वेळापत्रकात धराच. मी ते शिकवते म्हणून म्हणत नाही, अर्जांचे हिशेब पाहून म्हणते.

गणिताचेही तसेच. 'बिझनेस कॅल्क्युलस' नावाचा एक हलका कोर्स जवळजवळ प्रत्येक कॉलेजात असतो आणि बिझनेसच्या मुलीला तोच आपला वाटतो. यूसीएलएच्या बिझनेस इकॉनॉमिक्सला मात्र विज्ञान-इंजिनिअरिंगची मुले घेतात ती नेहमीची कॅल्क्युलसची मालिका लागते, तिचे दोन भाग. ती केली की तिच्या जोरावर सगळीकडे अर्ज करता येतो. उलटे होत नाही. मुलीचे गणित कच्चे असेल तर या उन्हाळ्यात रोज दोन तास ट्रिगोनोमेट्री आणि बीजगणित पक्के करून घ्या. आता कॉलेजे परीक्षा घेऊन खालच्या गणितात बसवत नाहीत, शाळेच्या ग्रेडवरून थेट वरचा वर्ग देतात. त्यामुळे पाया कच्चा असल्याचे वर्गात बसल्यावरच समजते.

कोणता कोर्स कुठे चालतो हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. 'असिस्ट' ही राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. तिथे तुमचे कॉलेज, समोरचे विद्यापीठ आणि विषय निवडला की कोर्सागणिक जोड्या दिसतात. हास, यूसीएलए बिझनेस इकॉनॉमिक्स, अर्व्हाइन आणि आणखी एक, अशा चार याद्या छापा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. जे चारही यादीत आहे ते पहिल्या वर्षी. जे दोन-तीन ठिकाणी आहे ते दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये. फक्त एकाच ठिकाणी लागते ते सगळ्यात शेवटी. ही एवढी बैठक घरात झाली की निम्मी भांडणे मिटतात. एखादा कोर्स आपल्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या कॉलेजात किंवा ऑनलाइन दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजातून घेता येतो. मात्र कॅल्क्युलसची मालिका अर्धी इथे, अर्धी तिथे करू नका. क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज क्वार्टरवर (वर्षात तीन छोटी सत्रे) चालते आणि फ्रीमाँटचे ओलोनी सेमिस्टरवर (वर्षात दोन मोठी सत्रे), त्यामुळे मालिका मधेच तोडली तर काही भाग कोणाच्याच हिशेबात न बसण्याची भीती असते. क्वार्टरच्या कॉलेजात ६० ऐवजी ९० युनिट लागतात, तेही लक्षात ठेवा.

ग्रेडबद्दल दोन गोष्टी, ज्या काउन्सेलर घाईत सांगायचे विसरतात. सी मिळाला तर तो कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारता येत नाही, यूसी जुनीच ग्रेड धरते. पुन्हा करण्याची सोय सीच्या खालच्या ग्रेडसाठी आहे. म्हणून एखादा वर्ग हाताबाहेर चालला असेल, तर ठरलेल्या तारखेच्या आत तो सोडणे बरे. एखाद-दुसऱ्या 'डब्ल्यू'ने (वर्ग मधेच सोडल्याची नोंद) काही कोसळत नाही. दुसरी गोष्ट शाळेत असताना घेतलेल्या कॉलेजच्या वर्गांची. आपल्याकडची बरीच मुले अकरावी-बारावीत हौसेने असे वर्ग घेतात. त्यांच्या ग्रेड कॉलेजच्या खात्यावर कायम राहतात आणि अर्जात दाखवाव्याच लागतात. तुमच्या मुलीने तसे काही घेतले असेल तर त्याची ट्रान्स्क्रिप्ट आताच मागवून बघा.

यूसीची किमान अट रहिवाशांसाठी २.४ जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) अशी आहे. बिझनेसच्या स्पर्धेत तिला काही अर्थ नाही. यूसी स्वतः विषयवार आकडे प्रसिद्ध करते: किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए कोणत्या पट्ट्यात होता. ते मुलीबरोबर बसून बघा, म्हणजे ते नुसते आईचे म्हणणे राहत नाही.

एक नियम विशेष ठळक करून सांगते, कारण यावर फार गैरसमज आहेत. 'आधी बर्कलीत इकॉनॉमिक्सला ट्रान्सफर घेऊ, मग आतून हासला जाऊ' असे करता येत नाही. दुसऱ्या विषयासाठी ट्रान्सफर होऊन आलेल्यांना हासचा अर्ज खुला नसतो. त्यामुळे अर्ज भरतानाच बर्कलीसाठी हास की इकॉनॉमिक्स हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याआधी तिला मनापासून काय शिकायचे आहे हे शांतपणे विचारा. ज्या मुलीला बाजार कसे चालतात, आकड्यांतून धोरण कसे दिसते याचे कुतूहल आहे, तिच्यासाठी इकॉनॉमिक्स हीच पहिली निवड असू शकते.

सुरक्षिततेसाठी टॅग नावाची प्रवेशहमीची योजना आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सिड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा यूसी त्यात आहेत. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो नाहीत. यातल्या एकाच ठिकाणी हमी घेता येते, तिचा अर्ज सप्टेंबरात, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधी भरायचा असतो आणि कोणत्या विषयाला ती लागू आहे हे दर वर्षी तपासावे लागते. हमी घेतली तरी बाकी कुठेही अर्ज करता येतो. ती न घेण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. यूसीएलए मनात असेल तर कॉलेजातल्या ऑनर्स कार्यक्रमातून यूसीएलएत प्राधान्य देणारी टॅप नावाची सोय आहे का तेही पहिल्याच महिन्यात विचारा. यूएससीचे (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) मार्शल बिझनेस स्कूल खासगी आहे, त्याचा अर्ज वेगळा, फी कितीतरी जास्त. आर्थिक मदतीचे गणित जुळले तरच तिकडे बघा.

निबंधांकडे येते. ट्रान्सफरच्या अर्जात एक प्रश्न सक्तीचा असतो: निवडलेल्या विषयासाठी तुम्ही काय तयारी केलीत? शिवाय सातपैकी तीन, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. हासचा पुरवणी अर्ज त्यानंतर, जानेवारीच्या सुमारास. तिथे 'मला लहानपणापासून उद्योगाची आवड' चालत नाही, केलेले काम लागते. आणि असे काम शोधायला मोठी कंपनी लागत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची तिकीटविक्री आणि जमाखर्च एखाद्या मुलीने खरोखर सांभाळला असेल, कुठे पैसे गळत होते ते शोधले असेल, तर ते उत्तम उदाहरण आहे. व्हिटा या कार्यक्रमात स्वयंसेवक परीक्षा देऊन कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची कराची विवरणपत्रे भरून देतात. माझ्या वर्गातली मुले तिथून आली की ताळेबंदाकडे वेगळ्या नजरेने बघतात. फक्त एक विनंती आहे. निबंध तुम्ही लिहू नका. वाचा, प्रश्न विचारा, शब्द तिचेच राहू द्या.

तुमचे कुटुंब एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, तर हे जास्त काळजीपूर्वक वाचा. एच-४वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, म्हणून वर सांगितलेले स्वयंसेवेचे काम त्यांच्यासाठी आणखी मोलाचे. आणि २१ पूर्ण झाले की तो व्हिसा संपतो. ट्रान्सफरचे विद्यार्थी साधारण त्याच वयात विद्यापीठात जातात. व्हिसा बदलला की रहिवासी म्हणून लागणारी फीही बदलू शकते आणि तो फरक फार मोठा असतो. इमिग्रेशनच्या वकिलाशी आणि विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाशी वर्षभर आधी बोला, उत्तर लेखी घ्या.

हातातली दुसऱ्या यूसीची जागा सोडायची का, हे तिच्या स्वभावावर आहे. कम्युनिटी कॉलेजात वसतिगृहाचे वातावरण नसते, मैत्रिणी पांगलेल्या असतात, सकाळी सातला घरातून ओढून बाहेर काढणारे कोणी नसते. ज्यांना हे जमते त्यांना प्राध्यापकांचा मिळणारा वेळ फार मोठा असतो. माझ्या वर्गात मला प्रत्येकाचे नाव माहीत असते. तिला हास मिळाले नाही आणि यूसीएलए किंवा अर्व्हाइन मिळाले, तरी ती दोन वर्षांनी आनंदाने जाईल का, हे तिला विचारा. उत्तर 'हो' असेल तर कम्युनिटी कॉलेज निवडा. 'हास नाही तर काहीच नाही' असे असेल तर आताची जागा घ्या.

निर्णय झाला आणि कॉलेज ठरले की त्याचे नाव आणि तिने शाळेत घेतलेल्या गणिताची व भाषेची यादी इथे लिहा. पहिल्या सत्राचे वेळापत्रक मी बघून देते. नोंदणीची तारीख चुकवू नका, कॅल्क्युलसचे सकाळचे वर्ग सगळ्यात आधी भरतात.