शीला ई.चा 'द ग्लॅमरस लाइफ' आज पुन्हा ऐकताना काय ऐकावं? तो मुळात प्रिन्सचाच अल्बम आहे का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन तालवादक-गायिका शीला ई.चा १९८४ चा हा अल्बम इतक्या वर्षांनी परत ऐकायला घेतलात, सिंथेसायझर थोडा जुना वाटला, आणि जिथे वाचायला गेलात तिथे 'ही तर सगळी प्रिन्सचीच गाणी', म्हणजे त्या काळच्या त्या बड्या अमेरिकन पॉपस्टारचीच, असंच लिहिलेलं दिसलं. मग यात शीलाचं स्वतःचं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: टिंबालेस. गाण्याचे शब्द, चाल, सिंथेसायझर हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त त्या दोन ड्रम्सच्या मागे जा. मी स्वतः तबला वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो हे खरं. पण हा अल्बम एका तालवादकाने केलेला आहे, आणि तो तसाच ऐकला तर त्याचं मोल कळतं.

टिंबालेस कधी जवळून पाहिले नसतील तर थोडं सांगतो. एका स्टँडवर शेजारी शेजारी बसवलेले दोन उथळ ड्रम, धातूचं अंग, कातडं फक्त वरच्या बाजूला, खालून उघडे. पातळ काठ्यांनी आणि उभं राहून वाजवतात. आपल्याकडे गोंधळात संबळ वाजते, तिचा तो टणत्कार आठवा. सगळ्या गलक्यातून आरपार जाणारा आवाज. टिंबालेसचं काम तेच. हे वाद्य क्यूबातलं, युरोपातल्या मोठ्या नगाऱ्यांपासून तिथल्या नाचगाण्याच्या वाद्यवृंदात घडत गेलेलं. वादक नुसतं कातड्यावर वाजवत नाही. ड्रमच्या धातूच्या अंगावर काठी मारून ठेका धरतो, वर लावलेल्या काऊबेलवर, म्हणजे धातूच्या घंटेवर, तो उचलतो, आणि नव्या भागात शिरताना एक छोटी, कडक रोल देऊन सगळ्यांना आत घेतो. ती रोल एकदा ओळखता आली की पुढे ती तुम्हाला जागोजागी सापडेल.

आता शीला. हिची ओळख 'प्रिन्सने पुढे आणलेली मुलगी' अशी करून दिली जाते, आणि मला त्याचा राग येतो. शीला एस्कोवेडोचा जन्म १९५७ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील पीट एस्कोवेडो, नावाजलेले लॅटिन तालवादक. काका कोक एस्कोवेडो हेही तालवादक. दोघेही गिटारवादक कार्लोस सान्तानाच्या बँडबरोबर वाजवलेले, आणि दोघांनी मिळून 'अझ्टेका' हा मोठा बँड उभा केला होता. टिटो प्वेन्ते तिचे गॉडफादर (धर्मपिता). टिंबालेसवाल्याला वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतून उचलून रंगमंचाच्या पुढे उभं करणारा माणूस हाच. सान्तानाचं 'ओये कोमो वा' आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलेलं असतं. ते मूळ याच प्वेन्तेंचं गाणं. म्हणजे घराणंच म्हणा ना. शीलाने पाचव्या वर्षी वडिलांच्या बँडबरोबर लोकांसमोर वाजवलं. वडिलांनी तिला व्हायोलिन शिकायला घातलं होतं, ती काही वर्षं शिकलीही, पण हात परत तालवाद्यांकडेच वळले. विशीत यायच्या सुमारास बापलेकीचे 'सोलो टू' आणि 'हॅपी टुगेदर' असे दोन अल्बम आले, निर्माता होता ड्रमर बिली कॉबम. नंतर जॉर्ज ड्यूकच्या बँडमध्ये, मग मार्व्हिन गेच्या १९८३ च्या दौऱ्यात, मग लायनेल रिचीबरोबर.

'द ग्लॅमरस लाइफ' आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिच्यामागे एवढं सगळं वाजवून झालेलं होतं. हे माहीत नसलं तर अल्बम अर्धाच कळतो.

प्रिन्सचा वाटा मात्र लपवण्यात अर्थ नाही. दोघांची ओळख सत्तरच्या दशकातली. १९८४ च्या सुरुवातीला तिने त्याच्याबरोबर 'इरॉटिक सिटी' हे गाणं म्हटलं, 'लेट्स गो क्रेझी' या सिंगलच्या मागच्या बाजूला आलेलं, आणि तिथून अल्बमची गोष्ट सुरू झाली. श्रेयनामावलीत शीलाच्या बरोबरीने 'द स्टार कंपनी' असं नाव दिसतं. ती कंपनी म्हणजे स्वतः प्रिन्स. शीर्षकगीत त्याने आधी अपोलोनिया ६ या गटासाठी योजलं होतं. २०१९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, त्याने इतरांना दिलेली गाणी त्याच्याच आवाजात 'ओरिजिनल्स' नावाने प्रसिद्ध झाली. त्यात 'द ग्लॅमरस लाइफ' आहे, 'नून राँदेव्हू' आहे. ती ऐकलीत तर चक्रावून जाल: शब्दांवरचा जोर, श्वास घ्यायच्या जागा, ओळ संपवताना आवाज सोडून द्यायची लकब, सगळं तिथे आधीच आहे. शीलाने गाताना ते पुष्कळ अंशी उचललंय.

पण 'ओरिजिनल्स'मधलं ते गाणं चार-एक मिनिटांचं आहे, आणि शीलाच्या अल्बममधलं नऊ मिनिटांचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फरकात दिसतं.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि ते रेडिओसाठी कापलेलं छोटं रूप होतं. सॅक्सोफोनची ती डोक्यात घुमत राहणारी ओळ, फर कोट घातलेल्या श्रीमंत बाईची कहाणी, मधे मधे टिंबालेसची फोडणी, संपलं. आवडलं होतंच. कितीतरी वर्षांनी पूर्ण नऊ मिनिटं ऐकली तेव्हा लक्षात आलं की गाण्याची कहाणी सांगून झाली तरी गाणं थांबतच नाही. शब्द विरळ होतात, पुढे ठेकाच गाणं चालवतो, आणि टिंबालेस आता कुणाच्या साथीला उरत नाहीत. त्यांचीच मैफल सुरू होते.

या भागात एक गोष्ट बारकाईने ऐका, कारण अख्ख्या अल्बमचं मर्म मला तिथे सापडतं. खालचा ठेका मशीनचा आहे. प्रिन्स त्या काळात लिन एलएम-१ नावाचं ड्रम मशीन सर्रास वापरायचा, आणि मशीनची लय सूतभरही हलत नाही. माणसांच्या बँडमध्ये सगळेच थोडे पुढेमागे होतात, एकमेकांना सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणारं कुणी नाही. अशा काटेकोर लयीवर सुटा तालवादक वाजवायला लागला की दोनच शक्यता असतात. एकतर तो मशीनच्या मात्रांना चिकटून बसतो आणि त्याचा जीव जातो, नाहीतर तो घसरतो आणि लगेच उघडा पडतो. शीला या दोन्हींत अडकत नाही. ती एखादा तुकडा मात्रेच्या किंचित आधी उचलते, मधे ताणते, आणि नेमकी समेवर येऊन उतरते. मशीन जितकं ताठ, तितका तिचा हात मोकळा वाटतो. क्यूबाच्या नाचगाण्यातला हात आणि प्रिन्सच्या मिनिॲपोलिस शहराचं थंड, विजेवरचं फंक (ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत) यांची गाठ इथे पडते, आणि ती घालायला हाताशी लहानपणापासूनचं वळण लागतं. प्रिन्स जवळपास सगळी वाद्यं वाजवायचा. हे वाजवायला त्यानेही शीलाला बोलावलं.

त्याच गाण्यात चेलो आहे, तोही शोधा. पॉप-फंकच्या गाण्यात चेलो खालून गंभीरपणे चालत राहतो आणि वर टिंबालेस तडतडतात.

बाकीच्या गाण्यांबद्दल थोडक्यात. अल्बममध्ये गाणी सहाच. 'द बेल ऑफ सेंट मार्क' हे पॅरिसच्या एका नाजूक मुलावर जीव जडल्याचं गाणं, इंग्लंडमध्ये पहिल्या विसांत गेलेलं. आजही ताजं वाटतं आणि पॉप गाणं म्हणून अल्बममधलं सगळ्यात नेटकं तेच. 'शॉर्टबेरी स्ट्रॉकेक' जवळजवळ पूर्ण वाद्यांचं. ते बहुतेक लोक पुढे ढकलतात, तुम्ही ढकलू नका. शब्द आड येत नसल्यामुळे ताल ऐकायला फार सोयीचं आहे. 'नून राँदेव्हू' संथ, आणि इथे मी प्रामाणिकपणे प्रिन्सच्या बाजूने मत देईन, त्याच्या आवाजात ते जास्त दुखरं होतं. लिपस्टिकचा डाग शर्टाच्या कॉलरवर सापडल्याच्या गाण्यात ॲकॉर्डियन आहे आणि त्याने गाण्याला एक छान नाटकी डौल येतो. 'ऑलिव्हर्स हाउस' मला कधीच फारसं भिडलं नाही.

तुम्हाला जुना वाटलेला सिंथेसायझर खरंच जुना झालाय. ते आवाज त्या वर्षांचे आहेत आणि तिथेच राहिलेत. शीलाचा गळाही मोठा नाही, वरच्या पट्टीत तो पातळ होतो. मात्र त्या गळ्यात लय पक्की बसलेली आहे. ती शब्द कुठे टाकते पाहा. ओळीच्या मध्यावर एखादं अक्षर ती आघातासारखं टाकते, जणू हातातली काठीच आहे. शीर्षकगीत अमेरिकेच्या मुख्य यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि स्त्री पॉप गायनाच्या ग्रॅमीसाठी तिला नामांकनही मिळालं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल, कारण चाहत्यांच्या चर्चेत ती नेहमी मागे पडते. प्रिन्सने शीलाला काय दिलं हे सगळे सांगतात. उलट दिशेने काय गेलं ते कुणी सांगत नाही. ती 'पर्पल रेन' दौऱ्यात त्याच्याआधी आपला बँड घेऊन वाजवायची. १९८५ मध्ये तिचा 'रोमान्स १६००' आला, त्यातलं 'अ लव्ह बिझार' बारा मिनिटांच्या वर चालतं. पहिल्या अल्बममधल्या त्या नऊ मिनिटांत जे सुरू झालं होतं ते इथे पूर्ण बँडच्या अंगाने फुलतं. मग १९८६ च्या अखेरीस प्रिन्सने आपला 'द रेव्होल्यूशन' हा बँड मोडून नवा बँड बांधला तेव्हा ड्रम्सवर बसली शीला. बेसवर लिवाय सीसर ज्युनियर आला, तो तिच्याच बँडमधून. 'साइन ओ द टाइम्स' ही त्या दौऱ्यावरची मैफलीची फिल्म मिळाली तर जरूर पाहा. गाता गाता अख्खा बँड हाताच्या एका इशाऱ्यावर वळतो, थांबतो, परत उसळतो, आणि त्या सगळ्याचा कणा मागे ड्रम्सवर बसलेली ही बाई आहे. १९८४ च्या अल्बममध्ये मशीन होतं, तीन वर्षांनी त्या जागी माणूस आला, आणि तो माणूस तीच होती. 'द ग्लॅमरस लाइफ' प्रिन्सचा अल्बम म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की मग १९८७-८८ चा प्रिन्स किती अंशी शीलाचा होता?

ऐकायची पद्धत विचाराल तर हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा अर्धा ठेका हरवतो. आधी पीट आणि शीलाच्या 'सोलो टू'मधलं काहीही एक ऐका, म्हणजे तिचा हात मशीनशिवाय कसा चालायचा ते कानात राहील. मग अल्बम एका बैठकीत, गाण्यांचा क्रम न बदलता. सिंगल नको, शीर्षकगीत नऊ मिनिटांचंच हवं. एकदा नेहमीसारखं ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त काऊबेल धरून ऐका. माझे काही मित्र अजून हा अल्बम अधूनमधून एकत्र बसून ऐकतात, आणि वाद दर वेळी यावरच होतो की शेवटच्या भागात कुठला तुकडा तिने तिथल्या तिथे सुचून वाजवला असेल आणि कुठला आधी बसवलेला. तुम्हीही ठरवून पाहा, आणि इथे खाली लिहा, मला वाचायला आवडेल.

त्यानंतर आजच्या शीलाकडे या. २०२४ मध्ये तिने 'बाइलार' हा साल्साचा अल्बम काढला, म्हणजे वडिलांच्या आणि प्वेन्तेंच्या संगीताकडे ती सरळ परत गेली. त्यातल्या 'बेंबा कोलोरा'ला, ग्लोरिया एस्तेफान आणि मिमी सुकार यांच्यासह, २०२५ मध्ये जागतिक संगीताच्या सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. आदल्या वर्षी त्याच विभागात ते झाकीरभाई, राकेश चौरसिया, बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्या 'पश्तो'ला मिळालं होतं. झाकीरभाईही एका तालवादकाचे सुपुत्र, बापाच्या मांडीवर ठेका शिकलेले. ही दोन नावं एका यादीत वर-खाली पाहून मला फार आनंद झाला. शीर्षकगीताची नऊ मिनिटं संपली की लगेच 'बेंबा कोलोरा' लावा. मधे चाळीस वर्षं गेलीत, पण टिंबालेसवरची ती आत घेणारी रोल तुम्ही पहिल्याच ऐकण्यात ओळखाल.