पोटावर हात ठेवल्याशिवाय काही सांगता येत नाही : सर्जरीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी प्रश्न बरेच आलेत, सगळे घेता येणार नाहीत, जे पुन्हा पुन्हा येतात तेच घेतो. आणि एक आधीच सांगतो, पोट आत्ता दुखत असेल तर मला लिहू नका, गाडी काढा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय ३९. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली, पित्ताच्या पिशवीत ९ मिमीचे दोन खडे निघाले. त्रास काहीच नाही. पण "इन्शुरन्स आहे तर करून टाका, पुढे फुटलं तर?" असं सांगितलंय. काय करू?

ताई, त्रास नाही ना? मग घाई पण नाही. असे गुपचूप बसलेले खडे १०० जणांत असले तर वर्षाला साधारण एक-दोघांनाच त्रास देतात, बाकीचे आयुष्यभर ते घेऊन फिरतात आणि त्यांना पत्ता पण नसतो. सोनोग्राफी स्वस्त झाली, गल्लोगल्ली झाली, म्हणून आता ते दिसायला लागले एवढंच.

त्रास म्हणजे कोणता ते मात्र नीट समजून घ्या. उजव्या बरगडीखाली किंवा वर मध्यभागी जोरात दुखतं, बहुतेक वेळा रात्री, तेलकट जेवणानंतर, अर्धा तास ते काही तास सलग, कधी पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जातं, माणूस गप्प झोपू शकत नाही. हे एकदा झालं की परत होण्याची शक्यता चांगलीच असते, तेव्हा ऑपरेशन करून घ्यावं. सोबत ताप, कावीळ किंवा थांबत नाही अशी उलटी असेल तर त्याच दिवशी. पण करपट ढेकर, गॅस, जेवल्यावर पोट जड, हे खड्यांमुळेच असेल असं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईंची पिशवी निव्वळ ढेकरांसाठी काढली, ऑपरेशन एकदम सुंदर झालं, ढेकर जसेच्या तसे. अजून बाजारात भेटतात, हसतात, मी भाजीकडे बघतो.

अपवाद आहेत. खडा ३ सेंमीपेक्षा मोठा, सोबत १ सेंमीच्या वरचा पॉलिप (पिशवीच्या आतल्या भिंतीवरची छोटी गाठ), पिशवीच्या भिंतीत चुना साचलेला, किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा पेशंट (नंदुरबार, गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना हे रोजचंच आहे), अशांना त्रास नसतानाही आम्ही ऑपरेशनचा विचार करतो. तुमच्या रिपोर्टात यातलं काही नाही.

भारतात दुर्बिणीने पित्ताची पिशवी पहिल्यांदा काढली डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी, १९९० साली मुंबईच्या जेजेमध्ये. त्याआधी पोटावर वीतभर चिरा यायचा, त्यामुळे पेशंट पण दहादा विचार करायचा आणि सर्जन पण. चार भोकांवर काम व्हायला लागलं आणि आमचा सगळ्यांचाच हात जरा सैल झाला, हे मी माझ्यासकट म्हणतोय. पित्ताच्या मुख्य नळीला इजा होण्याचं प्रमाण हजारात तीन ते पाच, कमी आहे, पण ज्याची नळी कापली जाते त्याचं आयुष्य बदलतं. दुखणं असेल तर ही रिस्क घेण्यात अर्थ आहे, पॉलिसी संपत आली म्हणून घेण्यात नाही.

आणि हो, "फक्त खडे काढा, पिशवी ठेवा" असं बरेच जण विचारतात. पिशवी ठेवली तर ती परत खडे करणार.

प्रश्न : भाऊ २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय, ग्राउंड २० दिवसांवर. अपेंडिक्सला सूज निघाली. एक डॉक्टर म्हणतात आजच ऑपरेशन, दुसरे म्हणतात गोळ्या-इंजेक्शनने बसेल. खरं कोण?

दोघंही खरं बोलताहेत, म्हणूनच अवघड आहे. अपेंडिक्स फुटलेलं नाही, पू झालेला नाही, तर नुसत्या अँटिबायोटिकवर बहुतेकांची सूज त्या वेळेपुरती उतरते. अमेरिकेत दीड हजारावर पेशंटचा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी १० पैकी ३ जणांना ९० दिवसांत शेवटी ऑपरेशन लागलंच, आणि अपेंडिक्सच्या तोंडाशी कडक मळाचा खडा असेल तर १० पैकी ४. फिनलंडवाल्यांनी ५ वर्षं मागोवा ठेवला, तिथे १०० पैकी ३९ जणांना परत त्रास झाला. म्हणजे साठेक टक्के लोक सुटले असंही म्हणता येतं, ग्लास अर्धा भरलेला वगैरे.

आता भावाचं. सीटी किंवा सोनोग्राफीत खडा दिसला असेल तर मी ऑपरेशनच सांगेन. नसेल तर दोन्ही रस्ते मोकळे आहेत, पण १६०० मीटर पळताना पोट परत धरलं तर काय, हा विचार त्यानेच करायचा. दुर्बिणीने काढलं तर साधी केस दोन-तीन आठवड्यांत हलकं पळायला लागते, पण गोळाफेक आणि पूर्ण जोर लावायला मी तरी एवढ्यात सोडणार नाही. खरं सांगू, २० दिवसांत दोन्हीकडून खात्री नाही.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. पोट बघून आम्ही "अ‍ॅडमिट करा, चार-सहा तासांनी परत बघतो" म्हणालो की नातेवाईकांना वाटतं डॉक्टरला काही कळत नाहीये. अहो तीच तर तपासणी आहे. अपेंडिक्सचं दुखणं सुरू होतं बेंबीभोवती, भूक मरते, मग काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, आणि ते सरकणं एकाच भेटीत दिसत नसतं. मुलगी असेल तर बीजकोशाचा पीळ, गर्भनळीतला गर्भ हे पण डोक्यात ठेवावं लागतं, म्हणून लघवीची टेस्ट सांगितली की चिडू नका.

घरी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. वेदनेचं इंजेक्शन दिलं तर निदान झाकलं जातं हा मात्र जुना समज, पेशंटला तळमळत ठेवायचं काही कारण नाही.

प्रश्न : वडील ६८, जांघेत हर्निया, झोपलं की आत जातो, दुखत नाही. पट्टा लावतात. जाळी अंगाला चालत नाही असं गावात म्हणतात.

दुखत नाही, सहज आत जातो, तर थांबता येतं. पुरुषांवर झालेल्या २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा हर्नियात आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण हजारात वर्षाला जेमतेम दोन निघालं. पण दहा वर्षांत दोन तृतीयांश लोक दुखायला लागलं म्हणून स्वतःच ऑपरेशनला आले, तेव्हा तब्येत चांगली आहे तोवर प्लॅन करून उरकलेलं बरं, हे माझं मत. त्याआधी खोकला, बद्धकोष्ठ आणि प्रोस्टेटचं बघून घ्या, कुंथणं चालू राहिलं तर शिवलेलं परत सैल होतं. पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, फक्त दाबला जातो.

जाळीचं म्हणाल, म्हणजे हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये कमजोर जागेवर आधाराला लावतात ती, तर आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियात वापरलं, २००३ मध्ये त्याचा पेपर आला, आणि पुढे युगांडात महागड्या जाळीशी तशाच स्वस्त जाळीची तुलना झाली तेव्हा वर्षभराने दोन्हींत फरक सापडला नाही. मोठ्या शहरांनी नाक मुरडलं होतं बरं का. जाळी नकोच असेल तर पुण्याच्या डॉ. देसरडांची स्वतःच्याच स्नायूआवरणाची पट्टी वापरायची पद्धत आहे, ती येणारा सर्जन शोधा.

फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखतोय, उलटी होतेय, तर ढकलत बसू नका, लगेच आणा. आणि घरातल्या बाईला जांघेत गाठ आली तर थांबायचा सल्ला तिला लागू नाही, त्यांच्यात अडकणारा हर्निया जास्त असतो.

प्रश्न : शौचाला लाल रक्त, मेडिकलवाल्याने मूळव्याधीचं मलम दिलं, सहा महिने लावतोय. वय ५२.

मलम बाजूला ठेवा आणि या आठवड्यात बोटाने तपासून घ्या, नंतर गुदद्वारातून दुर्बिणीची तपासणी. दोन मिनिटांची लाज आहे. मूळव्याध समजून गुदाशयाचा कॅन्सर मलमावर काढलेले पेशंट मी पाहिलेत.

प्रश्न : ऑपरेशनआधी पाणी पण बंद का? आईला १२ तास उपाशी ठेवलं.

१२ तास गरज नसते. जेवण किमान ६ तास आधी बंद (तळलेलं, मटण असेल तर ८), साधं पाणी किंवा कोरा चहा २ तास आधीपर्यंत चालतो, भूलतज्ज्ञ हो म्हणाले तर. दुधाचा चहा जेवणातच धरायचा. शुगर असेल तर वेगळं विचारा.

फक्त शब्द जपून वापरा. आमच्याकडे एका आजींना "उपाशी या" सांगितलं होतं, टेबलवर घ्यायच्या आधी भूलतज्ज्ञांनी विचारलं तर म्हणाल्या "उपवासच आहे हो, संकष्टी." खोदून विचारल्यावर कळलं, सकाळी साबुदाण्याची खिचडी झालीय, भरपूर कूट घालून. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी केलं. आता आमच्या सूचनांच्या कागदावर खिचडी, राजगिऱ्याचा लाडू आणि केळं अशी नावं घालूनच छापलंय.