अंगावरून वारं गेल्यावर चार महिन्यांनी हात परत येतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या अंगावरून वारं गेल्याला चार महिने झाले. काठी घेऊन चालतात, पण उजवा हात मांडीवर पडून असतो. थेरपिस्ट घरी येतात, मालिश करतात, करंट देतात आणि जातात. आता हात येईल का, हा तुमचा प्रश्न.

माझ्या आईचाही उजवाच हात गेला होता, म्हणून कळकळीने सांगते. चार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. पण दुसऱ्याने हलवून दिल्याने हात येत नाही. तो बाबांनी स्वतः हलवायला हवा, आणि तोही शेकड्यांनी.

आमचे पहिले दोन महिने तेल चोळण्यात गेले. (गावाकडून कुणी कबुतराचं रक्त चोळायलाही सुचवलं. तसलं काही करू नका.) तोवर आई डाव्या हाताने जेवायला, वेणी सोडायला शिकली. आम्ही कौतुक करत होतो आणि नुकसान नेमकं तिथेच होत होतं, कारण उजव्या हाताला कामच उरलं नव्हतं. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकडांमध्ये हेच पाहिलं होतं. एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरणंच सोडून देई. पण चांगला हात बांधला की तोच हात कामाला लागे. त्यावरून माणसांसाठी पद्धत तयार झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघाताच्या झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ जण होते. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ, जाड मोजा घातला आणि अधू हाताकडून रोज तासन्‌तास कामं करून घेतली. वर्षभरानंतरही त्यांचा हात बाकीच्यांपेक्षा चांगला चालत होता. तुमचे बाबा त्याच काळात आहेत.

मात्र त्यासाठी मनगट थोडं वर उचलता यायला हवं आणि बोटं जराशी तरी आपली आपण उघडायला हवीत. मोजा घालून चालायचं नाही, जिने चढायचे नाहीत, गॅसजवळ जायचं नाही. तोल गेला तर चांगला हात मोकळा हवा.

आईला सुरुवातीला एवढंही जमत नव्हतं. तिच्यासाठी आरसा वापरला. टेबलावर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, उजवा हात आरशामागे, आणि आरशात दिसणाऱ्या डाव्या हाताकडे बघत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. कापून टाकलेल्या, आता नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनांसाठी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी ही युक्ती काढली. १९९९ पासून ती झटक्याच्या रुग्णांवरही वापरली गेली. रोज अर्धा तास. बोटं हलायला लागली तेव्हा आईच घाबरली होती.

मग वाट्या आल्या. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) ताईंनी दोन वाट्या मांडल्या, आधी लिंबं, नंतर सुपारी, शेवटी चिंचोके. एका वाटीतून दुसरीत. आई हात न्यायच्याऐवजी अख्खं अंगच पुढे झुकवायची. ताईंनी ओढणीने तिची छाती खुर्चीच्या पाठीशी सैलसर अडवली, तेव्हा कुठे कोपर सरळ व्हायला लागलं. आकडा मी कालनिर्णयच्या पानावर लिहायचे. अमेरिका-कॅनडात थेरपीच्या एकेका बैठकीत प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा हाताच्या कामाची आवर्तनं सरासरी ३२ भरली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज काहीशे लागतात. म्हणजे उरलेली घरीच करायची. ओटा पुसणं, शेंगा सोलणं, टॉवेलची घडी, सगळं त्यात धरा.

चेंडू दाबायला देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. मूठ आवळायला हात आपोआप शिकतो, अडतं ते उघडायला. मूठ फारच घट्ट होत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम झाला तरच त्याचा खरा फायदा.

खांदा जपा. उठवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नका, काखेत हात घालूनही नको. दोरी-कप्पीने हात डोक्यावर ओढायचा व्यायामही टाळा, त्याने खांदा दुखावतो. बसताना हाताखाली उशी ठेवा.

सगळ्यांचा हात पूर्ण येत नाही. आई आज कणीक मळते, सही करते, पण भाकरी थापायला तळवा तेवढा पसरत नाही.

उद्या सकाळी बाबांना खुर्चीत बसवून हात टेबलावर ठेवा आणि बोटं उघडायला सांगा. मदत करू नका, फक्त बघा. तांदळाच्या दाण्याइतकी हालचाल दिसली तरी मला कळवा, अंगठा हलला की कुठलं बोट, सगळं सविस्तर.