ताई, माझं बाळ "काही नव्हतंच" का?

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी पाचव्या महिन्यात माझं मिसकॅरेज झालं. घरचे म्हणतात आता विषय काढू नकोस, अजून काही नव्हतंच ते, देव दुसरं देईल. रडले तर म्हणतात विश्वास कमी पडतोय. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून बाळाचं काय होणार या विचाराने झोप लागत नाही. त्याला नाव ठेवलं तर चालेल का? चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना मागता येते का?

उत्तर : नाव ठेव. प्रार्थनाही माग, अगदी हक्काने माग.

"काही नव्हतंच" म्हणणाऱ्यांचा राग धरू नकोस, त्यांनाही काय बोलावं ते सुचत नसतं, पण त्यांचं ऐकूही नकोस. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. तुझ्या पोटी येशू येणार हा देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया घाईघाईने तिच्या नात्यातल्या, गरोदर असलेल्या अलीशिबेकडे जाते, म्हणजे तिला दिवस जाऊन फार तर काही दिवस किंवा आठवडे झाले असतील, पोट दिसायचा तर प्रश्नच नाही, आणि तरी अलीशिबा तिला दारातच "माझ्या प्रभूची आई" म्हणते. होणारी आई नाही गं, आई! अलीशिबेच्या पोटातलं सहा महिन्यांचं बाळ आनंदाने उडी मारतं, त्या बाळासाठी लूकने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय, ब्रेफॉस, तोच पुढच्या अध्यायात गव्हाणीतल्या बाळ येशूसाठी वापरलाय. पोटातलं आणि कुशीतलं, दोघांना एकच शब्द. देवदूताच्या निरोपाचा सण आपण 25 मार्चला पाळतो, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, तो काय उगाच? स्तोत्र 139 मध्ये तर भक्त सरळ म्हणतो की मी आईच्या पोटात नुसता पिंड होतो तेव्हाही देवा तुझे डोळे माझ्यावर होते. तुझ्या बाळावरही होतेच ना.

माझं स्वतःचं सांगते, बऱ्याच वर्षांपूर्वीचं आहे. चौथा महिना संपत आलेला. सगळं झाल्यावर नर्स स्टीलचा ट्रे घेऊन निघाली होती, वर हिरवं कापड, आणि दारापाशी ती थांबली, मागे वळून हळूच म्हणाली, बघायचंय का? मी हो म्हटलं. तिने कापडाचा एक कोपरा उचलला. एवढासा हात होता, पण पाची बोटं वेगवेगळी दिसत होती. मग कापड परत नीट घातलं, एखाद्या झोपलेल्या बाळाला पांघरूण घालतात ना तसं. पुढे त्या बाळाचं काय केलं हे मला हॉस्पिटलमधल्या कुणीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, तेवढं मात्र आजही सलतं. म्हणून ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते, बाळ दफनासाठी मिळेल का असं विचारा. नाही म्हणाले तर नाही, पण विचारा.

आता बाप्तिस्म्याचं. जुन्या लोकांनी "लिंबो" वगैरे ऐकलेलं असतं, म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गाबाहेरच एका जागी राहतात ही कल्पना, त्यावरून पोरींना घाबरवतात, मला याचा फार संताप येतो. चर्चने ती कधीच बंधनकारक सिद्धांत म्हणून ठरवली नव्हती. कॅथलिक धर्मशिक्षण अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवायला सांगतं आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने यावर सविस्तर लिहिलं की त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तर बहुतेक ठिकाणी तारण बाप्तिस्म्यावर अडत नाही. "लेकरांना माझ्याकडे येऊ द्या" म्हणणारा येशू तुझ्या लेकराला दाराबाहेर ठेवेल का गं?

फादरांना किंवा तुमच्या पाळकांना भेट. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी कॅथलिक अंत्यविधीत वेगळ्या प्रार्थना आहेत, इतर मंडळ्यांतही असतात. नवऱ्यालाही सोबत ने, तो गप्प असेल पण बाळ त्याचंही गेलंय.

प्रश्न : वीस वर्षांची असताना मी गर्भपात केला होता. अजून कुणाला माहीत नाही. चर्चमध्ये या विषयावर प्रवचन सुरू झालं की उठून जावंसं वाटतं. मला क्षमा आहे का?

उत्तर : आहे. पूर्ण आहे.

ते चुकीचं नव्हतं असं मी तुला म्हणणार नाही, तुलाही ते पटणार नाही. दीदाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं पुस्तक आहे, त्यातही गर्भपात करू नका असं स्पष्ट आहे. कायदा कसा असावा यावर आज मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये याच विषयावर जे कडक परिपत्रक काढलं, त्यातच गर्भपात केलेल्या बायकांशी ते थेट बोलतात, धीर सोडू नका, आशा सोडू नका म्हणतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा द्यायचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला, म्हणजे तुला बिशपपर्यंत जायची गरज नाही, नेहमीच्या कबुलीजबाबात सांगितलंस तरी पुरे. कॅथलिक नसशील तर विश्वासातल्या पाळकांशी किंवा त्यांच्या पत्नीशी बोल.

आणि प्रवचन देणाऱ्यांनो, हे तुम्हीही वाचत असाल तर ऐका, पोटातल्या बाळाच्या मोलाबद्दल बोलताना समोरच्या बाकांवर अशी एकतरी बाई बसलेली असते. तेव्हा ती वीस वर्षांची होती, घाबरलेली होती, आणि मी आहे तुझ्यासोबत असं म्हणणारं तिच्याजवळ कुणी होतं का, ते आधी विचारा.

बाई गं, त्या बाळाला तूही नाव ठेवू शकतेस. आत्ताही.