प्रार्थनेत काहीच वाटत नसेल तेव्हा

प्रिय बाळा,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चर्चमधली मिस्साची उपासना चुकत नाही, झोपण्याआधी येशूने शिकवलेली 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणणं चालू आहे, पण आतून काहीच वाटत नाही, शब्द नुसते तोंडातून जातात, आणि अशा मनाने देवाचे आभार मानणं म्हणजे खोटं बोलणं नाही का, असं विचारलंस. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून मलाही सविस्तर लिहावंसं वाटतंय, जरा लांबलं तर सांभाळून घे.

पहिलं म्हणजे, काही न वाटणं आणि श्रद्धा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. आविलाची संत तेरेजा, जिला 1970 साली पोपनी 'डॉक्टर ऑफ द चर्च', म्हणजे जिची शिकवण सगळ्या चर्चसाठी मोलाची अशी संत, म्हणून जाहीर केलं, प्रार्थनेवर चर्चमध्ये जिचा शब्द एवढा मानतात, तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं ती प्रार्थनेला बसायची आणि तास कधी संपतो याकडे तिचं लक्ष असायचं. लिझ्यूच्या संत तेरेजाला तर प्रार्थनेत झोप लागायची, आणि तिचं म्हणणं असं की लेकरू झोपलेलं असलं तरी आईबापाला तेवढंच लाडकं असतं. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा लोक चकितच झाले, कारण वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आणि तरी रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या. म्हणजे तू ज्या वाटेवर आहेस ती चुकीची वाट नाही, तिच्यावरून भली भली माणसं गेलीत.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आहे, मुलगा आजारी आहे म्हणून येशूकडे आलेला. तो म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत करा. दोन्ही एकाच दमात! येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं काही सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. तुला दुसरं काही सुचत नसेल तर तेवढं एकच वाक्य म्हण, पुरे आहे.

आता आभारांचं. इथे मला जास्त बोलायचंय कारण इथेच आपण सगळे घसरतो. आपल्याला वाटतं आधी सगळं नीट होऊ दे, जॉब लागू दे, घरातलं टेन्शन जाऊ दे, मग मन भरून येईल आणि मग आभार मानू. पण मिस्सामध्ये फादर जे शब्द म्हणतात ते नीट ऐक. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. त्या रात्री! धरून देणारा त्याच टेबलावर बसलेला, मित्र थोड्या वेळाने पळून जाणार, पुढे वधस्तंभ, आणि हे सगळं ठाऊक असताना तो बापाचे आभार मानतो. आणि थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत जाऊन तोच येशू म्हणतो की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळो. आभार मानले म्हणून भीती गेली नाही, आणि भीती वाटली म्हणून आभार खोटे ठरले नाहीत, एकाच रात्री दोन्ही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यामते याच्यातच आहे.

म्हणून दुःख असेल तर ते देवाला स्पष्ट सांग, गोड गोड बोलून लपवू नकोस. बायबलमधलं 88 वं स्तोत्र वाचून बघ, अख्खं स्तोत्र तक्रारीचं आहे आणि शेवट होतो तो अंधारातच, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तीही प्रार्थनाच. मागणंही पाप नाही, आमच्या बापात रोजची भाकर आपण मागतोच की.

आणि लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठवतात ना, सतराव्या अध्यायातले? येशूने दहाही जणांना बरं केलं, पण आभार मानायला एकच परत आला. त्या नऊ जणांना आपण फार लवकर कृतघ्न म्हणून मोकळे होतो. येशूने सांगितलं होतं याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवा, आणि ते तेच करायला निघाले होते, सांगितलेलं पाळत होते. दहावा वाटेत थांबला, आपण बरे झालोय हे त्याने पाहिलं, आणि तो मागे फिरला. एवढाच फरक. तुझंही सांगितलेलं सगळं चालू आहे, मिस्सा आहे, प्रार्थना आहे, फक्त वाटेत थांबून बघणं राहून जातंय असं मला वाटतं. आणि हेही बघ, नऊ जण परतले नाहीत म्हणून येशूने त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. आभार म्हणजे देवाला चुकवायचं बिल नव्हे. आपल्या स्तुतीने देवाच्या महानतेत काही भर पडत नाही, असं मिस्साच्या एका प्रार्थनेतही येतं, फायदा होतो तो आपला.

थांबायचं कसं? त्यासाठी संत इग्नेशियस लोयोलांची जुनी पद्धत आहे, 'एक्झामेन' म्हणतात तिला, त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात आहे, ज्याला 1548 मध्ये पोपनी मान्यता दिली. रात्री दहा-पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सुरुवात पापांपासून नाही, आभारापासून आहे. आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग स्वतःला खरं दिसावं म्हणून कृपा मागायची, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, जे चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं आणि आमच्या बापा म्हणायचं, झालं. फक्त आभार मानताना 'सगळ्याबद्दल थँक्यू देवा' असं घाऊक म्हणू नकोस, त्याने मनात काही उमटत नाही. नेमकं बोल. दुपारी अमक्याने माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. डोकं दुखत होतं ते संध्याकाळी थांबलं. रागाने मेसेज टाईप केला होता, पाठवला नाही. असं एक जरी सापडलं तरी चालेल, आणि एखाद्या दिवशी काहीच नाही सापडलं तर तसंच सांग, आज काही दिसलं नाही प्रभू, तूच दाखव. ज्या माणसामुळे ते झालं त्यालाही दुसऱ्या दिवशी सांग, देवाला सांगितलं म्हणजे माणसाला सांगायची गरज नाही असं समजू नकोस.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. इतरांचे हाल बघून 'बरं झालं मी तसा नाही' असे आभार मानणं. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, तोही देवाचे आभारच मानतो, की मी इतर लोकांसारखा नाही, या जकातदारासारखा, म्हणजे लोक ज्याला पापी समजत त्या कर वसूल करणाऱ्यासारखा तर नाहीच, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. तसंच दुःखात बुडालेल्या कोणाला 'अरे आभार मान, किती काय काय आहे तुझ्याकडे' असं कधी ऐकवू नकोस, त्याच्याजवळ बस. आणि तुझं स्वतःचं, प्रार्थनेतच नाही तर जेवणात, झोपेत, मित्रांत कशातच मन लागत नाही असं बरेच दिवस चालू असेल तर डॉक्टरांना भेट, हे मी मुद्दाम लिहितोय, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं, आणि फादरांशीही बोल.

सुरुवात आज रात्रीच कर, रविवारची वाट बघू नकोस. मध्ये काही रात्री राहून गेल्या तर त्यांची भरपाई करत बसायचं नाही, ज्या रात्री आठवेल त्या रात्रीपासून पुढे चालू ठेवायचं. महिनाभराने मला कळव काय सापडलं ते, आणि काही सापडलं नसेल तरी कळव. तुझं नाव माझ्या रोजच्या प्रार्थनेत आहेच.

तुझाच,
काका