लायसन्स एक, गिऱ्हाइकं किती?

प्रश्न : आमचा मुलगा मुंबई विमानतळावर विमान देखभाल अभियंता आहे. बी-१ (यांत्रिक कामाचं) लायसन्स, एअरबस ए-३२० टाइप, ६ वर्षं अनुभव. बोईंग ७३७ वर काम करणाऱ्या मित्राचा पगार झपाट्याने वाढला, याचा नाही. आता दुसऱ्या कंपनीने बोलावलंय, पण बॉंड आहे. काय करावं?
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : काम सारखं असलं तरी बाजार वेगळे आहेत. लायसन्सवर ज्या टाइपची नोंद, त्याच विमानाला सही करून उड्डाणासाठी सोडता येतं. म्हणजे ते विमान उडवणाऱ्या कंपन्या, एवढंच त्याचं गिऱ्हाईक. ए-३२० ची दारं अलीकडे मिटत गेली : मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. इंडिगो सोडली तर एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस उरतात. पण त्या दोघी टाटांच्याच, एकमेकींवर बोली चढवतील ही आशा धरू नका. ७३७ वाल्यांनी उलटं पाहिलं. २०१९ मध्ये ७३७ उडवणारी जेट एअरवेज बंद पडली तेव्हा माणसं उदंड, नोकऱ्या मोजक्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ७३७ उडवणारी अकासा ही कंपनी आली आणि एक नवं गिऱ्हाईक वाढलं.

इंजिनही तपासा. सीएफएम-५६, लीप-१ए आणि पीडब्ल्यू-११००जी या ए-३२० च्या इंजिनांच्या नोंदी लायसन्सवर स्वतंत्र असतात. एक नोंद वाढली की दार वाढतं. पगाराची घासाघीस त्यानंतर.

आता बॉंड. 'सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही' ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. प्रशिक्षणखर्चाचा बॉंड (मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरा) मात्र वेगळा, तो कागदी वाघ समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बॉंड वैध ठरवला. वसुली मात्र त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईइतकीच, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा.

समजा बॉंड ३ वर्षांचा, ६ लाखांचा, दरवर्षी समान घटणारा आणि १ वर्ष उरलंय. देणं २ लाख. नव्या ठिकाणी हातात महिना २५,००० जास्त पडत असतील तर ८ महिन्यांत फिटलं. रक्कम घटत नसेल तर तेच २४ महिने! म्हणून घटीचं कलम आधी वाचा. नवी कंपनी रक्कम भरणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. बहुतेकदा त्याच कागदात तिचा स्वतःचा बॉंडही असतो.