ॲटर्नी जनरलचा रकाना कोरा सोडला तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा: सिटिझन झाल्यावर व्हर्जिनियात २०२५ ला पहिल्यांदा मत दिलं, गव्हर्नरचं भरलं, ॲटर्नी जनरलचा रकाना कोरा सोडला, त्याने काय बिघडलं, आणि मुळात राज्याचा वकील लोकांनी का निवडायचा?

बिघडतं. असे कोरे रकाने मी स्वतः हातात घेऊन पाहिलेत, म्हणून सांगते.

२०१३ ला या पदासाठी डेमोक्रॅट मार्क हेरिंग आणि रिपब्लिकन मार्क ओबेनशेन उभे होते. मतदानाच्या रात्री ओबेनशेन पुढे होते, मग रोज आकडे हलायला लागले. २५ नोव्हेंबरला अधिकृत निकाल लागला: हेरिंग ११,०३,७७७, ओबेनशेन ११,०३,६१२. फरक १६५. बावीस लाखांत एकशे पासष्ट! आमच्याकडच्या गणपतीच्या जेवणाला याहून जास्त पानं उठतात.

त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगला दीर जेवायला आले होते. विषय निघाला तर म्हणतात, "वहिनी, मी तो रकाना भरलाच नाही. गव्हर्नरचं केलं आणि बॅलट सरकवलं मशीनमध्ये. खालची माणसं कोण, कुणास ठाऊक." वर आणखी, "माहिती नसताना मत देण्यापेक्षा न देणं प्रामाणिकपणाचं." माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "भाऊजी, गाडी घेताना महिना महिना रिव्ह्यू वाचता, आणि चार वर्षांसाठी राज्याचा वकील निवडायला अर्धा तास नाही तुमच्याकडे?" तर म्हणे, एका मताने काय होतंय. टीव्हीवर १६५ चा आकडा फिरत असताना! सासूबाई "जेवा आता" म्हणाल्या म्हणून तिथे थांबलं, पण आमच्या घरात तो वाद अजून चालू आहे.

डिसेंबरात फेरमोजणी झाली. मतदान केंद्रावर काम केलेल्यांतूनच त्यासाठी माणसं घेतात, त्यात मी होते. दोन्ही पक्षांची माणसं समोरासमोर बसतात. मतपत्रिका पुन्हा मशीनमधून जातात, आणि ज्यांवर या पदाचं मत मशीनला वाचता येत नाही त्या बाजूला काढून डोळ्यांनी बघायच्या. कुणी गोळा न भरता नावाभोवती वर्तुळ काढलेलं, कुणी बरोबरची खूण केलेली. कल स्पष्ट दिसत असेल तर मत धरायचं. मग यायच्या कोऱ्या. गव्हर्नरचा गोळा ठसठशीत काळा केलेला, आणि तिसऱ्या पदापाशी नुसता कागद. एकामागून एक. ऑफिसला उशीर करून आलात, रांगेत उभे राहिलात, पेन हातात होतं, आणि तरी? समोरच्या रिपब्लिकन बाई आणि मी, राजकारणात आमचं एका शब्दावर जमलं नसतं, पण त्या कागदांकडे बघून दोघींनाही सारखंच वाईट वाटत होतं. फेरमोजणीत दोघांचीही मतं वाढली, फरक ९०७ वर गेला आणि १८ डिसेंबरला ओबेनशेन यांनी हार मान्य केली. गव्हर्नरपदाला जेवढी मतं पडली त्याहून हजारोंनी कमी या पदाला पडली होती.

त्या निवडीने पुढे काय झालं बघा. जानेवारी २०१४ मध्ये हेरिंग यांनी जाहीर केलं की समलिंगी विवाहावरच्या राज्याच्या बंदीचं समर्थन मी कोर्टात करणार नाही. एप्रिलमध्ये त्यांनी कायदेशीर मत दिलं की लहानपणी कागदपत्रांविना इथे आणलेल्या, DACA या योजनेखाली हद्दपारीपासून सूट मिळालेल्या मुलांना कॉलेजात व्हर्जिनियाच्या रहिवाशांची कमी फी लागू होऊ शकते. २०१७ ला ट्रम्प यांच्या प्रवासबंदीने व्हर्जिनियातल्या डलस विमानतळावर गोंधळ झाला, तेव्हा हेच ऑफिस कोर्टात उतरलं. २०२१ ला रिपब्लिकन जेसन मियारेस सुमारे २७ हजारांनी जिंकले आणि जानेवारी २०२२ मध्ये, शपथ घेतल्यावर आठवड्याभरातच, मिसिसिपीच्या गर्भपाताच्या खटल्यात व्हर्जिनियाची गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची भूमिका उलटी केली. मला ते अजिबात पटलं नाही. पण त्यासाठी ना कायदा बदलावा लागला, ना विधानसभेत मतदान झालं. वकील बदलला, राज्याचं म्हणणं बदललं.

निवडून का देतात? गव्हर्नरच्या मुठीत नसावा म्हणून. आपल्या महाराष्ट्रात महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, त्यामुळे आपल्याला या पदाला मत द्यायची सवय नाही. इथे गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल तिघांना वेगवेगळं मत पडतं. २००५ ला गव्हर्नर झाले डेमोक्रॅट टिम केन आणि ॲटर्नी जनरल रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल, तेही फेरमोजणीनंतर ३६० मतांनी. म्हणजे आठ वर्षांत दोनदा हे पद केसाच्या अंतरावर आलं. भाऊजींना हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

एक मात्र आहे. २०२५ ला या पदाचे डेमोक्रॅट उमेदवार जे जोन्स (Jay Jones) यांचे २०२२ मधले मेसेज बाहेर आले, व्हर्जिनिया विधानसभेच्या तत्कालीन सभापतींना गोळी घालण्याबद्दलचे. त्यांनी माफी मागितली आणि निवडूनही आले. ते वाचून तुम्हाला त्यांना मत देववलं नसेल आणि मियारेसही नको असतील, तर तुमचा कोरा रकाना मी समजू शकते. माझा राग "कुणास ठाऊक" म्हणून सोडलेल्या रकान्यावर आहे.

आणि हे सगळं व्हर्जिनियाचं. न्यू जर्सीत ॲटर्नी जनरल गव्हर्नर नेमतो, टेनेसीत तिथलं सुप्रीम कोर्ट. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या नातेवाइकांना विचारून उपयोग नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी मत द्यायच्या फंदात पडूच नये, तो गुन्हा आहे.

माहिती नाही ही सबब मला मान्य नाही. मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं, मतपत्रिकेचा नमुना घरबसल्या बघता येतो, राज्यभराची पदं तीनच. जाहिरातीत गुन्हेगारीवर आरडाओरडा असेल तर दुर्लक्ष करा. रोजचे फौजदारी खटले तुमच्या काउंटीचा कॉमनवेल्थ्स ॲटर्नी चालवतो, त्याला तुम्ही वेगळं निवडता. उमेदवार कुठल्या खटल्यात राज्याला उतरवणार आणि कुठल्यातून माघार घेणार एवढं शोधा. पुढची निवडणूक २०२९ ला आहे.